पायी चढायचा नवस आणि एकाहत्तरीचे गुडघे

पत्र:

ताई, आम्ही पुण्यात राहतो. आमची कुलदेवता वणीची सप्तशृंगी. चार वर्षांपूर्वी माझा मुलगा सातव्या महिन्यातच जन्मला. तो काचेच्या पेटीत असताना सासूबाईंनी देवीला नवस बोलला, "पोर घरी येऊ दे, पायी गड चढून ओटी भरीन." पोर घरी आलं, आता बालवाडीत जातं. नवस मात्र राहून गेला. मधे सासूबाईंची अँजिओप्लास्टी झाली. आता त्या एकाहत्तर वर्षांच्या आहेत, मधुमेह आहे, दोन्ही गुडघे दुखतात. गडावर त्या शेवटच्या गेल्या त्याला दहा-बारा वर्षं झाली.

यंदा मोठ्या दिरांनी ठरवलंय की नवरात्रातल्या शनिवारी जायचं. चौदा माणसं, टेम्पो ट्रॅव्हलर, पहाटे तीनला निघून रात्री परत, जमलं तर येताना त्र्यंबकेश्वर. सासूबाईंचे नऊ दिवस उपवास आणि अनवाणी राहणं ठरलेलं आहे. ट्रॉलीचं नाव काढलं की त्या गप्प होतात. मी काही बोलले की घरात ऐकवलं जातं, "तुझ्याच मुलासाठी बोललेला नवस आहे." मला त्यांचा नवस मोडायचा नाही. पण मला खूप भीती वाटते. काय करू?
— एक सून, पुणे

उत्तर:

ताई, तुमची भीती खरी आहे. ती देवीवरच्या अश्रद्धेतून आलेली नाही, हे आधी स्वतःच्या मनाशी पक्कं करा. ज्या बाईने तुमच्या बाळासाठी पदर पसरला, तिला धडधाकट परत आणायची काळजी तुम्हाला वाटते आहे. घरातल्या बोलण्याने तुम्हाला अपराधी वाटू लागलंय आणि त्यामुळे स्पष्ट बोलायचं ते राहून जातंय. म्हणून मी जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या पत्रात दिरांचा बेत आहे, तुमची भीती आहे, सासूबाईंचा नवसही आहे. पण सासूबाईंना आज नेमकं काय हवंय, हे कुठेच नाही. त्या ट्रॉलीच्या नावाने गप्प होतात, एवढंच तुम्ही लिहिलंत. त्या गप्प राहण्यात काय आहे, हे कोणी विचारलंय का? एका दुपारी, घरात गर्दी नसताना, त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, "आई, तुम्ही देवीला नेमकं काय बोलला होतात? शब्द आठवतात?" पायी चढणं हाच त्यांच्या दृष्टीने नवसाचा गाभा आहे, की स्वतःच्या हाताने देवीची ओटी भरणं हा? या प्रश्नाचं उत्तर फक्त त्याच देऊ शकतात. तुम्ही, मी किंवा तुमचे दीर ते त्यांच्यासाठी ठरवू शकत नाही.

ट्रॉलीबद्दलही विचारा. त्या शेवटच्या गेल्या तेव्हा ट्रॉली नव्हतीच, ती 2018 मध्ये सुरू झाली. दरीवरून तारेला लटकत जाणारा पाळणा असेल असं त्यांच्या डोळ्यांसमोर येत असण्याची बरीच शक्यता आहे. वणीची ट्रॉली तशी नाही. ती डोंगराच्या उतारावर रुळांवरून वर जाते, दोराने ओढली जाते आणि काही मिनिटांत पोचते. डबा जमिनीलगतच असतो. मोबाइलवर एखादा व्हिडिओ लावून त्यांना दाखवा. भीती असेल तर ती तिथेच कमी होईल. आणि भीती नसून खरोखर नवसाचाच प्रश्न असेल, तर तेही कळेल.

आता चढाचं बघू. वणीला दोन चढ आहेत आणि लोक बोलताना त्यांची गल्लत करतात. पहिला चढ गडाच्या पायथ्याच्या नांदुरी गावापासून गडावरच्या गावापर्यंतचा. तिथे दहा-अकरा किलोमीटरचा घाटरस्ता आहे आणि गाडी थेट वरपर्यंत जाते. दुसरा चढ गडावरच्या गावातून कड्यातल्या मंदिरापर्यंतचा, पाचशेच्या आसपास पायऱ्यांचा. नवस बोलताना सासूबाईंच्या मनात बहुधा या पायऱ्याच असणार, पण तेही विचारून घ्या. इमारतीच्या एका मजल्याला अठरा-वीस पायऱ्या धरल्या तर हा चढ सलग पंचवीस मजल्यांचा होतो. हा आकडा दिरांनाही सांगा, कारण 'पाचशे पायऱ्या' हे ऐकायला फार वाटत नाही.

तिथली उंची मात्र घाबरण्याजोगी नाही. "वर हवा विरळ असते, हृदयवाल्यांना त्रास होतो" असं नातेवाईक सांगतील. गड समुद्रसपाटीपासून साधारण बाराशे-तेराशे मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरच्या आसपास. विरळ हवेचा त्रास सहसा अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, तिथली गोष्ट वेगळी. वणीला काळजी करायची ती हवेची नाही, श्रमाची आहे. आणि श्रम किती झेपतील हे सासूबाईंच्या हृदयरोगतज्ज्ञांनाच विचारायला हवं.

तेव्हा तारीख ठरवायच्या आधी त्यांची वेळ घ्या. "आईंना देवीला नेऊ का?" एवढंच विचारू नका, त्यावर बहुतेक डॉक्टर "न्या की" म्हणतील. "पाचशे पायऱ्या, मधे थांबत, दीड-दोन तासांत चढायच्या आहेत, झेपेल का?" असं विचारा. तपासणी लागत असेल तर ते सांगतील. तुम्हाला घरी अंदाज घ्यायचा असेल तर एकच गोष्ट पाहा: दोन मजले जिना न थांबता, छातीत न दुखता, फार धाप न लागता त्या चढू शकतात का? हे जमत नसेल तर गडाच्या पायऱ्यांचा विषय आजच्या घडीला मिटला. जमत असेल तरी परवानगी डॉक्टरांचीच.

डॉक्टरांकडून आणखी दोन गोष्टी समजून घ्या. पहिली, उपवास. साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या आणि इन्सुलिन चालू असताना पोटात काही नसेल, तर रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस गोंधळल्यासारखा बोलतो. हृदयासाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांमुळे धडधड आणि थरथर नीट जाणवतच नाही, त्यामुळे धोका कळायला उशीर होतो. नऊ दिवसांचा उपवास आणि त्यातच पंचवीस मजल्यांचा चढ, हे एकत्र करायचं नाही. उपवास करायचाच असेल तर गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा डॉक्टरांकडून बदलून घ्याव्या लागतात, आपल्या मनाने नाही. गडावर जायच्या दिवशी पिशवीत ग्लुकोज किंवा साखर असू द्या, आणि ती पिशवी त्यांच्याजवळ असणाऱ्या माणसाच्याच खांद्यावर.

दुसरी, अनवाणी चालणं. जुन्या मधुमेहात पावलांची संवेदना कमी होते. तापलेल्या दगडाने पाय भाजला किंवा काच लागली तरी कळत नाही, आणि तीच जखम पुढे महिनोन् महिने भरत नाही. सासूबाई नवरात्रात अनवाणी राहतात हे वाचून मला गडापेक्षा याचीच जास्त काळजी वाटली. त्यांची पावलं रोज रात्री कोणीतरी बघायला हवीत, तळवे आणि बोटांच्या बेचक्यासुद्धा. ही सेवा तुम्ही केलीत तर त्यांना बरंच वाटेल. गडावर चपला जिथे काढाव्याच लागतात तिथपर्यंत त्यांच्या पायात राहू द्या. मोजे घालून पायऱ्या चढवू नका, गुळगुळीत फरशीवर पाय सरकतो.

समजा, डॉक्टर हो म्हणाले आणि सासूबाईही म्हणाल्या की पायीच जायचं. मग त्यांना चढू द्या, आणि मनापासून चढू द्या. "उगाच हट्ट" म्हणू नका. सकाळी लवकर सुरुवात करा. त्यांच्या गतीने चला, दहा-बारा पायऱ्या झाल्या की थांबा, बाजूला बसू द्या. एक माणूस त्यांच्या मागे, एक पायरी खाली, सतत हवा. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, गार घाम, चक्कर, यातलं काहीही जाणवलं तर तिथेच थांबायचं आणि मदत मागायची. "आता थोडंच राहिलंय" हे वाक्य त्या क्षणी कोणी उच्चारायचं नाही. हे सगळं सासूबाईंना आधी सांगून त्यांचा शब्द घ्या, कारण त्यांच्या पिढीच्या बायका दुखणं लपवतात.

आणि उतरताना ट्रॉलीच. गुडघ्यांवर खरा भार उतरताना येतो. चढताना दम लागतो, पण उतरताना प्रत्येक पायरीला शरीराचं वजन गुडघ्यावर आदळतं, आणि पाय थकलेले असताना तोल जातो. नवस चढायचा होता, उतरायचा नव्हता. ही गोष्ट सासूबाईंना नक्की पटेल.

डॉक्टर नाही म्हणाले तर? तर त्यांनी पहिल्या पायरीवर हळदकुंकू वाहावं, नमस्कार करावा, झेपतील तर पाच पायऱ्या चढाव्यात आणि तिथून ट्रॉलीकडे यावं. आणि पायऱ्या तुम्ही चढा, ताई. ओटीचं ताट हातात घेऊन, त्यांच्या वतीने. वर मंदिरात ते ताट त्यांच्या हातात द्या आणि ओटी त्यांना भरू द्या. घरातल्या एकाचा नवस दुसऱ्याने पायी चालून फेडणं आपल्याकडे नवं नाही. पण हे तुम्ही सुचवलंत तर "सुनेने शॉर्टकट काढला" असं होऊ शकतं. म्हणून तुमच्या घरी कुलाचार सांगणारे जे गुरुजी असतील, ज्यांचा शब्द सासूबाई मानतात, त्यांना फोन लावून सासूबाईंच्याच हातात द्या. त्यांना स्वतः विचारू द्या. त्यांच्या मनाला जो तोडगा शांत करेल, तोच खरा.

आता नवरात्रातला शनिवार. याबाबत मी अजिबात मऊ बोलणार नाही: या चौदांत सासूबाई आणि चार वर्षांचं मूल असेल, तर त्या दिवशी जाऊ नका. आश्विन नवरात्रात गडावर लाखांनी माणसं येतात. खासगी गाड्या नांदुरीलाच थांबवतात आणि तिथून एसटीने वर जावं लागतं, म्हणजे बसची रांग, ट्रॉलीची रांग, दर्शनाची रांग. दम लागला म्हणून बाजूला बसावं म्हटलं तर बाजूच नसते. मागून लोंढा येत असताना एकाहत्तरीच्या बाईला "तुमच्या गतीने चला" म्हणणं शक्यच होत नाही.

डोंगरावरच्या देवळातली गर्दी मैदानातल्या गर्दीपेक्षा जास्त धोक्याची असते, कारण वाट एकच आणि अरुंद, एका बाजूला कडा नाहीतर दुकानं, आणि पायऱ्यांवर एक जण पडला की मागचे त्याच्यावर पडतात. 25 जानेवारी 2005 ला वाईजवळ मांढरदेवीच्या यात्रेत अडीचशेहून जास्त माणसं गेली. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या, असं तेव्हा समोर आलं होतं. 2008 च्या ऑगस्टमध्ये हिमाचलातल्या नैनादेवीला दरड कोसळल्याची अफवा उठली आणि उतरत्या वाटेवर शंभराहून अधिक भाविक चेंगरले. ही उदाहरणं सासूबाईंपुढे काढू नका, त्यांचं मन कातर होईल. पण दिरांपुढे ती यायलाच हवीत.

दिरांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. नवरात्रात देवीच्या पायाशी जावं ही ओढ समजण्यासारखी आहे. चैत्रातही तसंच असतं. खानदेश म्हणजे देवीचं माहेर, असं मानतात. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून माणसं भर उन्हात चालत येतात, रामनवमीपासून चैत्री पौर्णिमेपर्यंत गड भरून जातो. ही भक्ती मोठीच आहे. पण नवरात्रातला कुलाचार तुमच्या घरी घट बसवून होतोच आहे. आणि नवस कोणत्या तिथीला फेडायचा, हे सासूबाई बोलल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. तेव्हा दिरांनी आणि ज्यांचे पाय खंबीर आहेत त्यांनी नवरात्रात जरूर जावं. सासूबाईंची फेरी वेगळी, पुढे, शांत दिवशी. एका घरातून दोनदा देवीला जाणं झालं तर त्यात वाईट काय आहे?

हे दिरांशी कोणी बोलायचं? तुम्ही नाही. तुमच्या यजमानांनी. आई त्यांची आहे, भाऊ त्यांचा आहे. तुम्ही बोललात की विषय गडावरून सुनेवर येतो, हा तुमचाच अनुभव आहे. यजमानांना स्पष्ट सांगा की या बाबतीत मला पुढे करू नका. डॉक्टरांकडे सासूबाईंना घेऊन दोन्ही मुलांनी एकत्र जावं, हे सगळ्यात चांगलं. डॉक्टरांच्या तोंडून एकदा ऐकलं की घरातला अर्धा वाद तिथेच संपतो. जाऊबाईंशी मात्र तुम्ही बोला. त्यांच्याही मनात हीच धास्ती असेल, फक्त त्यांना ती मोठ्या सुनेच्या तोंडून काढता येत नसेल.

दिवस कोणता निवडायचा? दसऱ्यानंतर लगेच नको, कोजागरीला गडावर कावडी येतात आणि पुन्हा तोबा गर्दी होते. दिवाळीच्या सुट्टीतही नको. सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या की मधल्या वारी जा, बुधवार किंवा गुरुवार. मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा टाळा. कार्तिक-मार्गशीर्षात हवा कोरडी आणि गार असते, चढायला उत्तम. पहाटे मात्र थंडी बोचते, सासूबाईंना स्वेटर आणि कानाला रुमाल हवाच. पावसाळ्यात गड फार सुंदर दिसतो, पण घाटात धुकं, निसरडं आणि दरडीची भीती, म्हणून त्यांच्यासाठी नको.

एका दिवसात जाऊन येण्याच्या बेतावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. पुण्याहून नारायणगाव, संगमनेर, सिन्नरमार्गे नाशिक दोनशे किलोमीटरच्या वर, तिथून दिंडोरी, वणी, नांदुरी करत गड आणखी साठ-पासष्ट. एका बाजूचे सात-आठ तास सहज. जाऊन-येऊन पंधरा तास गाडीत आणि वर दर्शनाचा वेळ. पहाटे तीनला निघायचं म्हणजे चालक रात्री नीट झोपलेलाच नसतो, आणि रात्री अकराला तोच माणूस संगमनेरच्या पुढे गाडी हाकत असतो. मागे सगळे झोपलेले, त्याच्याशी बोलायला कोणी जागं नाही. लोक घाटाला घाबरतात आणि ते बरोबरही आहे, नांदुरीचा घाट वळणांचा आहे आणि तिथे भीषण अपघात झालेले आहेत. पण घाटात चालक जागा आणि सावध असतो. परतीच्या सरळ रस्त्यावर डोळा लागतो. चौदा माणसांचा जीव एका न झोपलेल्या माणसाच्या हाती द्यायचा नाही, हे तुम्ही घरात ठामपणे म्हणा. यात सासूबाईंचा, नवसाचा काही संबंध नाही, त्यामुळे कोणी तुम्हाला उलटून बोलूही शकणार नाही.

म्हणून दोन रात्रींचा बेत करा. पहिल्या दिवशी उजेडी पुण्याहून निघा, दर दीड-दोन तासांनी थांबा, सासूबाईंना गाडीतून उतरवून पाच मिनिटं चालवा. तासन् तास एकाच जागी बसून पाय सुजतात आणि रक्त साखळायचीही भीती असते. संध्याकाळच्या आत गडावर पोचून मुक्काम करा. देवस्थान ट्रस्टचं भक्तनिवास आहे, खोली आधी ठरवा. तिथे जमलं नाही तर नाशिकला राहा आणि पहाटे निघा. गडावर राहिलात तर सकाळी ताज्या पायांनी चढायला मिळतं, हा मोठा फायदा. दर्शन झाल्यावर दुपारी उतरा, रात्री नाशिकला झोपा, तिसऱ्या दिवशी सावकाश पुणे. त्र्यंबकेश्वर या फेरीत नको. "एवढं आलोच आहोत तर" म्हणून जोडलेल्या देवळाने म्हातारी माणसं थकतात आणि मुख्य दर्शनाचा आनंदही पुसला जातो.

नकाशात गाव टाकताना 'सप्तशृंगी गड' असंच टाका. नुसतं 'वणी' टाकलंत तर दिंडोरी तालुक्यातल्या वणी गावात थांबाल, आणि यवतमाळ जिल्ह्यातही एक वणी आहे. दिंडोरीतल्या वणी गावाचा उल्लेख आणखी एका कारणासाठी करते. तिथे सपाटीवर जगदंबेचं मंदिर आहे. ऐनवेळी सासूबाईंची तब्येत बिघडली आणि गडावर जाणं नकोच असं झालं, तर निदान तिथे त्यांना दर्शन घेता येईल. हा पर्याय मनात असू द्या, आधीपासून बोलून दाखवू नका.

पाण्याचं एक सांगते, कारण हे कोणी बोलत नाही. प्रवासात स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने बायका पाणीच पीत नाहीत. सासूबाईंच्या वयात, रक्तदाबाच्या किंवा लघवीच्या गोळ्या चालू असतील तर चक्कर येऊन पडायला एवढं पुरतं. कुठे थांबायचं ते आधी ठरवा आणि त्यांना सांगा, म्हणजे त्या निश्चिंतपणे पाणी पितील. सकाळच्या गोळ्या प्रवासाच्या गडबडीत चुकतात. अँजिओप्लास्टीनंतरची रक्त पातळ ठेवणारी गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नाही. तीन दिवसांच्या गोळ्या त्यांच्या पिशवीत आणि तेवढ्याच तुमच्या पर्समध्ये ठेवा, सोबत औषधांची चिठ्ठी. मोठे उपचार नाशिकलाच, आणि तिथे पोचायला घाट उतरून दीडएक तास लागतो. 108 ला फोन करायला कचरू नका.

ओटीची तयारी सासूबाईंना करू द्या, त्यात त्यांचा जीव आहे. देवीला साडी नेसवायची इच्छा असेल तर ती अकरा वारी लागते आणि चोळीला तीन खण. नऊवारी आणून चालत नाही, म्हणून दुकानात आधीच सांगावं लागतं. देवीची मूर्ती आठ फुटांच्या आसपास आहे आणि हात अठरा, म्हणून एवढं कापड. त्यांना घेऊन साडी आणायला तुम्ही जा. गडावर माकडं आहेत, फुलांची किंवा प्रसादाची पिशवी हातात लोंबकळती नको, खांद्यावर बंद पिशवीत असू द्या.

आणखी एक गोष्ट त्यांना आधी सांगून ठेवा. त्या शेवटच्या गेल्या तेव्हा मूर्तीवर शेंदराचा जाड थर होता. 2022 मध्ये मंदिर काही आठवडे बंद ठेवून तो थर काढला, हजार किलोंहून जास्त शेंदूर निघाला आणि आतलं मूळ रूप दिसू लागलं. सासूबाईंच्या मनात देवीचा जो मुखडा आहे, त्याहून हा वेगळा आहे. आधी माहीत नसेल तर रांगेतले ते मोजके क्षण त्यांचे ओळखण्यातच जातील. मान किंचित कललेली, समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी पाठ म्हणतात तो ऐकते आहे, अशी श्रद्धा आहे. ते आता जास्त स्पष्ट कळतं. फोटो दाखवा. बघायला त्या आतुर होतील.

निघण्याच्या आदल्या दिवशी ट्रस्टच्या कार्यालयात फोन करून ट्रॉली चालू आहे ना, एवढं विचारा. ती देखभालीसाठी बंद असेल तर तुमचा अख्खा बेत कोसळतो, विशेषतः उतरायचा.

राहिला तुमचा मुलगा. चार वर्षांचं पोर कडेवर घेऊन पायऱ्या चढू नका. तुमचा तोल जाईल आणि लक्षही वाटलं जाईल. त्याच्या खिशात तुमच्या नंबरची चिठ्ठी ठेवा. सासूबाई पायी चढत असतील तर तो आणि त्याचे काका ट्रॉलीने वर जाऊन थांबतील, आणि तुम्ही दोघं सासूबाईंच्या बरोबर राहा. सासूबाई ट्रॉलीने जाणार असतील तर तो आणि त्याचे बाबा त्यांच्याबरोबर ट्रॉलीत, आणि ताट घेऊन तुम्ही आणि जाऊबाई पायऱ्यांनी. वर कुठे भेटायचं ते खालीच ठरवा, कारण गडावर मोबाइलला रेंज मिळेलच असं धरून चालू नका. ओटी भरताना त्याला सासूबाईंच्या शेजारी उभा करा, नवस त्याचाच आहे.